उंबऱ्यावरचे ४४६ बाइट

संगणकाचं बटण दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचं चित्र येईपर्यंत पूर्वी मिनिटभर जायचं, आता काही सेकंद जातात. तेवढ्यात आपण चष्मा पुसतो, चहाचा कप सुरक्षित जागी सरकवतो. आत मात्र त्याच वेळात एक जुना पेच सुटत असतो. संगणकाला काहीही करायचं तर सूचना लागतात. सूचना असतात डिस्कवर. आणि डिस्क वाचायची कशी, हे सांगायलाही सूचनाच लागतात. मग पहिली सूचना वाचायची कुणी?

इंग्रजीत स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलण्याची एक कल्पना आहे. त्या ‘बूटस्ट्रॅप’वरून संगणक ‘बूट’ होणं आलं. हा शब्द ऐकून लाथेची आठवण होणारी माणसं मी पाहिली आहेत. जुन्या स्कूटरच्या किकमुळे असेल कदाचित. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर’ नावाचा छोटा संगणक निघाला, तेव्हा तर हा पेच माणसालाच हातांनी सोडवावा लागे. पुढच्या पट्टीवरची बटणं खाली-वर करून एकेक आकडा स्मृतीत भरायचा, असे काही आकडे भरले की यंत्राला कागदी फितीवरचा पुढचा प्रोग्रॅम वाचता यायचा. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि हे काम एका चिपमध्ये कायमचं कोरलेल्या ‘बायॉस’कडे गेलं. पण बायॉसवर फार थोडी जबाबदारी टाकली होती. डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा उचलायचा, म्हणजे ५१२ बाइट, तो स्मृतीत ३१७४४ व्या घरात नेऊन ठेवायचा आणि सूत्रं त्याच्या हाती द्यायची. पुढचं त्या ५१२ बाइटांनी बघावं. हा ३१७४४ आकडा आला कुठून? बायॉस लिहिणाऱ्या चमूत डेव्हिड ब्रॅडली होते. अडलेला संगणक पुन्हा सुरू करण्यासाठी आपण तीन बटणं एकदम दाबतो, ती युक्तीही त्यांचीच. कमीत कमी ३२ किलोबाइट स्मृती असेल असं या मंडळींनी धरलं आणि तिच्यातला शेवटचा एक किलोबाइट या पाहुण्यासाठी ठेवला. ३२७६८ मधून १०२४ वजा केले की ३१७४४. पुढे स्मृती हजारो पटींनी वाढली, तरी हा आकडा काही हलला नाही.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने एक्सटी हे मॉडेल आणलं. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉसची दुसरी आवृत्ती. आज एका फोटोला एवढी जागा लागते. तेव्हा ही डिस्क इतकी मोठी वाटली, की तिचे चार वाटे करून निरनिराळ्या कार्यप्रणालींना द्यायची सोय केली गेली. वाटणीचा कागद त्याच पहिल्या ५१२ बाइटांत ठेवला. चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे ६४. अगदी शेवटी ओळखीची खूण म्हणून दोन बाइट. उरले ४४६. सगळी बुद्धी चालवायची ती एवढ्यात.

शेवटच्या दोन बाइटांची खूण मला फार आवडते. एक-शून्याच्या लिपीत पहिला बाइट शून्य-एक-शून्य-एक असा चालतो आणि दुसरा एक-शून्य-एक-शून्य असा. एक लघूपासून सुरू झालेला, दुसरा गुरूपासून. ही जोडी तिथे नसेल तर बायॉस म्हणतो, इथे घर नाही.

या ४४६ बाइटांतला प्रोग्रॅम वागतो मुशायऱ्यातल्या नाजिमासारखा. आल्या आल्या आधी स्वतःची नक्कल करून तो स्मृतीत दुसरीकडे जाऊन बसतो. कारण ज्याला पुढे बोलवायचं त्यालाही ३१७४४ हीच गादी हवी असते. जागा मोकळी करून तो वाटणीचा कागद वाचतो, कुणाच्या नावापुढे ‘चालू’ अशी खूण आहे ते पाहतो, त्याला त्या गादीवर बसवतो आणि गप्प होतो. चांगला नाजिम जितकं कमी बोलेल तितकं बरं. डॉसबरोबर येणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र तक्रारीची तीन वाक्यं इंग्रजीत पाठ होती: वाटणीचा कागद चुकीचा, कार्यप्रणाली उचलताना अडचण, कार्यप्रणाली सापडत नाही. मोजून पाहिली तर तिन्ही मिळून ७७ अक्षरं होतात. म्हणजे ४४६ पैकी सहावा हिस्सा गाऱ्हाण्यांतच गेला!

असा प्रोग्रॅम असेंब्ली भाषेत लिहितात, कारण त्या भाषेत प्रत्येक सूचनेला किती बाइट पडतात हे लिहिणाऱ्याला दिसतं. मी बी. ए. झालेला माणूस, पण हा हिशेब मला लगेच कळला. प्रोसेसरमधल्या एका खणात शून्य ठेवायचं आहे. सरळ ‘शून्य ठेव’ म्हटलं तर तीन बाइट. त्या खणातली संख्या तिच्या स्वतःशीच ताडून जिथे फरक असेल तिथे एक लिही, असं सांगितलं तर दोन बाइट. फरक कुठेच नसतो, म्हणून उत्तर शून्यच. अर्थ तोच आणि एक मात्रा वाचली. गझलेच्या बहरमध्ये शब्द बसवताना हेच करत रात्री गेलेल्या आहेत.

खरी अडचण पुढे होती. वाटे चार असले तरी ‘चालू’ एकालाच म्हणता येई. आज हा, उद्या तो असं हवं असेल तर दर वेळी खूण बदला आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. उंबऱ्यावरच ‘कुणाकडे जायचं?’ असं विचारणारा कुणीतरी हवा होता. त्यातून बूट मॅनेजर जन्मले. १९९१ मध्ये लिनक्स आलं आणि १९९२ मध्ये वेर्नर आल्मेसबर्गर यांनी त्यासाठी ‘लिलो’ लिहिलं. लिलोची तऱ्हा मोठी मजेची. पडद्यावर आपलं नाव ते एकदम लिहीत नसे. पहिला टप्पा जागा झाला की एल, दुसरा टप्पा उचलून आणला की आय, दुसरा सुरू झाला की पुन्हा एल, सगळं जमलं की ओ. मध्येच थांबलं तर किती अक्षरं उमटली ते बघायचं आणि आजार ओळखायचा. तक्रारीसाठी वेगळं वाक्यच नको. ७७ अक्षरांचं काम चार अक्षरांत!

इथे एक भांडणही होतं. विंडोज नव्याने बसवलं की ते पहिल्या तुकड्यात आपला प्रोग्रॅम लिहून टाकी. तिथे आधी कोण होतं याची चौकशी करत नसे. २००२ च्या सुमारास आमच्या मोहल्ल्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या संगणकावर दोन्ही प्रणाली होत्या. एका दुकानदाराने दुरुस्तीच्या वेळी विंडोज पुन्हा बसवलं आणि मुलाचं लिनक्स गायब झालं. प्रकल्पाचं सगळं काम त्यात होतं आणि परीक्षा आठवड्यावर. मुलाच्या आईने तर दुकानदाराला फैलावरच घेतलं. मुलाने जपून ठेवलेली फ्लॉपी घातली, काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप केला, आणि पुन्हा सुरू केल्यावर दोन्ही दारं जिथल्या तिथे. फाइली कुठे गेल्याच नव्हत्या, दारावरचा माणूस तेवढा बदलला होता. मला पटायला वेळ लागला. आत सगळं शाबूत असावं आणि आपण ते हरवलं म्हणून रडावं, ही गोष्ट कवीला काही नवीन वाटायला नको होती, तरी वाटली.

त्याच उंबऱ्यावर चोरही येत. जानेवारी १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या पहिल्या तुकड्यात मुक्काम करी आणि तिथला मूळ प्रोग्रॅम दुसरीकडे हलवून ठेवी. आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर त्यांनी आत लिहून ठेवला होता, असे सभ्य चोर पुढे झाले नाहीत. १९९२ मध्ये ६ मार्चला जागा होणाऱ्या ‘मायकलअँजेलो’ विषाणूने जगभर घबराट उडवली. कारागिरी म्हणून पाहिलं तर बूट मॅनेजर आणि असा विषाणू सख्खे चुलत भाऊ. दोघंही त्याच जागी बसतात, दोघंही आधीच्याला सरकवतात. म्हणून बऱ्याच संगणकांच्या बायॉसमध्ये पहिल्या तुकड्यावर कुणी लिहू लागलं की हटकण्याची सोय आली, आणि तिचा त्रास प्रामाणिक बूट मॅनेजरांनाही झाला.

आता मला ज्याचं विशेष कौतुक वाटतं त्याबद्दल. फ्रीबीएसडी नावाची एक मुक्त कार्यप्रणाली आहे. तिच्यासाठी १९९८ मध्ये रॉबर्ट नॉर्डियर यांनी ‘बूट-शून्य’ हा छोटा बूट मॅनेजर लिहिला. लिलोला दुसऱ्या टप्प्याची मदत लागते. याने तसं काही घेतलं नाही, सगळा संसार पहिल्याच तुकड्यात. एफ-१ दाबा, एफ-२ दाबा, समोर त्या त्या प्रणालीचं नाव. काहीच दाबलं नाही तर घड्याळाचे १८२ ठोके वाट पाहायची. हे घड्याळ सेकंदाला साधारण १८.२ ठोके देतं, म्हणजे झाले दहा सेकंद. मग गेल्या वेळी जे निवडलं होतं तेच उघडायचं. गेल्या वेळचं लक्षात ठेवायला तो स्वतःच्याच तुकड्यात परत लिहितो. यात जोखीम आहे, कारण वाटणीचा कागद त्याच तुकड्यात असतो. लिहिण्यात घोटाळा झाला तर चारही वाटे दिसेनासे. ज्याला भीती वाटते त्याने हे लिहिणं बंद करावं, अशी सोयही आहे.

नावांच्या बाबतीत तर या प्रोग्रॅमने कमाल केली आहे. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, आठवा रिकामा असतो. नावाच्या शेवटच्या अक्षरात तो आठवा बिट लावून ठेवला. जणू त्या अक्षराचाच पाय मोडून पूर्णविराम केला. शब्द संपला हे सांगायला वेगळा बाइट नको. आणि ‘फ्रीबीएसडी’ व ‘बीएसडी’ ही दोन नावं दोनदा लिहिलेलीच नाहीत. ‘फ्री’ लिहून त्याला लागूनच ‘बीएसडी’ लिहिलं. पहिलं हवं तर ‘फ्री’पासून वाचा, दुसरं हवं तर मधूनच सुरू करा. हे वाचताना मला शाळेतलं वृत्तांचं सूत्र आठवलं: यमाताराजभानसलगा. य गण हवा तर ‘य’पासून तीन अक्षरं, यमाता. म गण हवा तर पुढच्या घरापासून, मातारा. आठ गणांची चोवीस अक्षरं सूत्राच्या दहा अक्षरांत बसली. पाठांतर करणाऱ्यांच्या डोक्यात जागा कमी, यंत्राच्या तुकड्यात जागा कमी. दोन्हीकडे सुचलं ते एकच.

पुढची कित्येक वर्षं या प्रोग्रॅमची सुधारणा चालू होती आणि प्रत्येक सुधारणेला काहीतरी गहाण टाकावं लागलं. डिस्क मोठ्या झाल्या. जुन्या पद्धतीत डिस्कवरचं ठिकाण तीन आकड्यांनी सांगत आणि त्यातल्या वर्तुळांची गणती १०२४ च्या पुढे जात नसे, त्यामुळे ८.४ गिगाबाइटपलीकडचं काही उचलता येईना. नवी पद्धत घालावी तर जुनी यंत्रं अडतात, म्हणून दोन्ही बसवाव्या लागल्या. बाइट आणायचे कुठून? प्रश्नाच्या ओळीत आधी ‘डीफॉल्ट’ हा इंग्रजीत सात अक्षरांचा शब्द होता, तिथे पुढे चार अक्षरांचा ‘बूट’ आला. जादा सोय घालताना फारच ओढाताण झाली तर ‘डॉस’ हे नाव गाळायचं आणि त्याच्या जागी ‘विन’ दाखवायचं, अशीही तरतूद आहे. २००८ मध्ये पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझ्झो यांनी हा सगळा मजकूर हाती घेतला. फाइलीच्या माथ्यावर स्वतःच्या नावापुढे त्यांनी नोंदवलं आहे, की आपलं काम मुख्यतः टिपा लिहिण्याचं. टिपांना बाइट लागत नाहीत. यंत्र त्या वाचतच नाही. पण इतकी काटकसर केलेला मजकूर दहा वर्षांनी दुसऱ्या माणसाला कळेना झाला, तर त्याला हात लावायची हिंमत कोण करणार? माझ्यासारख्याला त्यातलं चार आणे समजलं ते या टिपांमुळे.

‘ग्रब’ या बूट मॅनेजरने वेगळी वाट धरली. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये ते सुरू केलं. पहिल्या तुकड्यात अगदी थोडं ठेवायचं आणि उरलेला पसारा पहिल्या वाट्याच्या आधी डिस्कवर रिकाम्या राहणाऱ्या ६२ तुकड्यांत मांडायचा. ६२ गुणिले ५१२ करून पाहा, ३१७४४ येतात. निव्वळ योगायोग आहे, पण मी हिशेब दोनदा केला. ती जागा रीतसर कुणाचीच नव्हती. काही व्यावसायिक प्रोग्रॅम आपल्या परवान्याची खूण तिथेच लपवत, आणि मग दुसऱ्या दिवशी ग्रब उठत नसे. ऐसपैस जागेतही शेजारी असतातच.

मराठीत ‘कुणाकडे जायचं?’ असं त्या काळ्या पडद्यावर कधी उमटलं नाही. त्या घडीला यंत्रापाशी २५६ ठरावीक आकृत्या असतात आणि त्यांत देवनागरी नाही, उर्दूही नाही. माझ्या दोन्ही भाषा उंबऱ्याच्या आत गेल्यावरच भेटतात.

२००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून ‘यूईएफआय’ या नव्या व्यवस्थेसाठी मंच स्थापन केला. नव्या व्यवस्थेला फाइली वाचता येतात, तिला ४४६ बाइटांत कोंबलेला नाजिम लागत नाही. जुन्या बायॉसचा आधार २०२० पर्यंत काढून टाकू, असं इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केलं. लिलोचं काम त्याआधीच, २०१५ च्या डिसेंबरात थांबलं होतं. वाटणीचा कागदही नवा आला. जुन्याला साधारण २ टेराबाइटपलीकडचं मोजता येत नव्हतं.

तरी नव्या डिस्कवर पहिला तुकडा जागेवर ठेवला आहे. त्यात जुन्या पद्धतीची एकच नोंद असते: सगळी डिस्क व्यापलेली आहे. जुना एखादा प्रोग्रॅम आला तर त्याने जागा रिकामी समजून लिहायला सुरुवात करू नये, एवढ्यासाठी. ती एक नोंद, शेवटी तीच शून्य-एकाची जोडी, आणि सुरुवातीचे ४४६ बाइट बहुतेक वेळा नुसते शून्य.