यादीत नसलेलं आन्सी

“याच्यातलं कोन्तं गाळू, तूच सांग बापू,” असं म्हणत मावशींनी फोन माझ्या हातात दिला. व्हॉट्सॲपवर आलेलं यात्रेचं माहितीपत्रक होतं. तेरा दिवस. लिस्बनला उतरायचं, फातिमा करायचं, मग लूर्द, पॅरिस, लिझ्यू, असिसी आणि शेवटी रोम. प्रत्येक नावापुढे एक छोटं चित्र आणि कंसात ‘नाश्ता समाविष्ट’.

मावशी अमरावतीच्या कॅम्पात आमच्या मागच्या गल्लीत राहतात. वय बहात्तर. दोन्ही गुडघे बोलायला लागलेत. चर्चमधल्या सहा बायकांनी पाच वर्षं भिशी लावली, त्या पैशांवर ही यात्रा ठरतेय. पण तेरा दिवसांत सात मुक्काम म्हणजे रोज बॅग भरा, बसमध्ये चढा, उतरा. “एकदाच जानं होईन,” मावशी म्हणाल्या, “धावत-पळत नाई जायचं.” मी कॅथलिक नाही. माझ्याकडे हे काम आलं, कारण मला व्हिसाचे फॉर्म भरता येतात.

गाळायचं तर आधी समजून घ्यायला हवं, म्हणून मी वाचत बसलो.

लूर्दबद्दल प्रश्नच नव्हता. मावशींच्या देव्हाऱ्यात लूर्दच्या पाण्याची बाटली आहे: मरियामातेच्या आकाराची, निळ्या मुकुटाचं झाकण असलेली. कधीकाळी एका सिस्टरने आणून दिलेली. पाणी केव्हाच संपलं, बाटली आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी हे गाव. ११ फेब्रुवारी १८५८ ला बर्नाडेट सुबिरू नावाची चौदा वर्षांची, दम्याने खंगलेली मुलगी सरपण गोळा करायला नदीकाठी गेली आणि खडकाच्या कपारीत तिला एक बाई दिसली. जुलैपर्यंत अठरा वेळा दिसली. बर्नाडेटचं घर म्हणजे एक जुनी तुरुंगाची कोठडी होती; बाप गिरणीवाला, पण गिरणी बुडालेली. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. ती बाई बर्नाडेटशी फ्रेंचमध्ये बोललीच नाही. ती त्या भागातल्या बोलीत बोलली, आणि तिने सांगितलेलं तिचं नाव आजही त्या गुहेतल्या मूर्तीखाली बोलीतच कोरलेलं आहे. बर्नाडेटला तेव्हा शाळेतली फ्रेंच धड येत नव्हती. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. “मंग का! आपल्यालेबी देव दिसला त वऱ्हाडीतच बोलन का नाई?”

लूर्दला आजारी माणसांचा मान पहिला. चाकाच्या खुर्च्या पुढे, बाकीचे मागे. बरं झाल्याचे दावे तपासायला तिथे १८८३ पासून डॉक्टरांची कचेरी आहे, आणि हजारो दाव्यांमधून चर्चने आजवर जेमतेम सत्तरेक घटना चमत्कार म्हणून मानल्यात. हा कंजूषपणा मला आवडला. गुडघ्यांच्या दृष्टीनेही लूर्द सोपं. तेव्हा लूर्द पक्कं.

लिझ्यूची तेरेझा चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. पंधराव्या वर्षी मठात शिरली ती बाहेर पडली नाही, आणि तरी १९२७ मध्ये पोपनी तिला जगभरच्या मिशनांची आश्रयदाती केलं. त्याआधी, १८८७ च्या नोव्हेंबरात, ती वडिलांबरोबर नॉर्मंडीहून रोमला यात्रेला गेली होती. आगगाडी, हॉटेलं, ठरलेले मुक्काम, बरोबर धर्मगुरू. थोडक्यात, मावशींच्या हातातलं माहितीपत्रकच. तिथे तिने सगळे नियम मोडून पोप तेराव्या लिओंच्या पायाशी बसून मठात लवकर जायची परवानगी मागितली, आणि पहारेकऱ्यांनी तिला उचलून बाजूला केलं.

या लिओंच्याच काळात, त्याच १८८७ साली, नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला. पहिले बिशप होते आलेक्सी रिक्काझ. इथून माझं वाचन माहितीपत्रकाच्या बाहेर गेलं.

विदर्भातल्या कुणालाही ‘एसएफएस’ म्हणा, लगेच कळतं: नागपूरची शाळा आणि कॉलेज. मी स्वतः वर्षानुवर्षं ही तीन अक्षरं ऐकली आणि त्यांचा अर्थ विचारला नाही. सेंट फ्रान्सिस डी सेल्स. हा माणूस १५६७ मध्ये सव्हॉय नावाच्या डोंगराळ मुलखात जन्मला. १६०२ मध्ये जिनिव्हाचा बिशप झाला, पण जिनिव्हा तोवर प्रोटेस्टंट झालेलं, कॅथलिक बिशपला तिथे थारा नव्हता. म्हणून जिनिव्हाचा हा बिशप तिथून दक्षिणेला, एका तळ्याकाठच्या गावात राहून कारभार बघायचा. गाव आन्सी. तरुणपणी लोक त्याचं प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा त्याने पत्रकं लिहून घरोघरच्या दाराखालून सरकवायला सुरुवात केली. त्यामुळेच १९२३ मध्ये तो लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत ठरला. (सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांचा कोण, ते अजून ठरलेलं नाही.) १६२२ मध्ये तो वारला, त्याचे अवशेष आन्सीच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये आहेत.

त्याच आन्सीत १८३८ मध्ये पीटर मर्मिए नावाच्या धर्मगुरूंनी या संताच्या नावाने मिशनऱ्यांचा एक संघ काढला. संघाचे पहिले लोक १८४५ मध्ये भारताकडे निघाले आणि पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला पोचले. त्यांच्याकडे सोपवलेला मुलूख थेट नागपूरपर्यंत पसरलेला होता. सुएझचा कालवा व्हायला अजून चोवीस वर्षं होती, नागपूरला रेल्वे यायला बावीस. तेव्हा इकडे कॅथलिक होते कोण? कामठीच्या छावणीतले आयरिश शिपाई, मद्रासकडून पलटणींबरोबर आलेली माणसं. त्या मिस्सेसाठी पाद्री बैलगाडीने शेकडो मैल हिंडत.

त्यांना आपण सरसकट फ्रेंच मिशनरी म्हणतो. पण १८४५ मध्ये आन्सी फ्रान्समध्ये नव्हतंच. सव्हॉय हा तुरीनमध्ये बसणाऱ्या सार्डिनियाच्या राजाचा प्रांत होता. इटलीच्या एकीकरणात नेपोलियन तिसऱ्याने मदत केली, त्याच्या बदल्यात १८६० च्या तहाने सव्हॉय फ्रान्सला देण्यात आला. मिशनरी इकडे असताना तिकडे त्यांचा देश बदलला. आता वऱ्हाडाचं बघा. निजामावर कंपनीच्या फौजेचं देणं चढलं, म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, नाव मात्र निजामाचंच राहिलं. पुढे १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. देण्याघेण्याच्या हिशेबात हाती बदललेल्या एका मुलखातली माणसं तशाच दुसऱ्या मुलखात आली होती. त्यांना हे जाणवलं असेल की नाही, कोण जाणे. मला बदनेऱ्याच्या फलाटावर उभं राहून हे वाचताना जाणवलं.

मर्मिएंनी त्याच १८३८ मध्ये आन्सीशेजारच्या शाव्हानो गावात क्लॉदीन एशर्निए या बाईंच्या बरोबरीने सिस्टरांचाही एक संघ उभा केला होता. खेड्यातल्या मुली, शेतकामाची सवय असलेल्या. या सिस्टर १८८६ मध्ये भारतात आल्या. अमरावतीकरांना त्या एका नावाने ठाऊक आहेत: होली क्रॉस. शाळा, बोर्डिंग, अनाथ बाळांचं घर. १९५५ मध्ये अमरावती स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हेही आन्सीच्याच संघाचे. १९७७ मध्ये त्यातूनच औरंगाबादचा धर्मप्रांत निघाला. अकोला-अमरावतीच्या कॅथलिक घराच्या इतिहासाचा धागा पकडून मागे गेलं, की अनेकदा माणूस या एका तळ्याकाठी पोचतो. आणि माहितीपत्रकात ते नाही.

मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग आजीचं बोलल्या.

१८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाला फार लागला. कपाशीचा मुलूख, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून ज्वारीची रानं कपाशीखाली गेलेली. पाऊस गेला तेव्हा धान्य विकत घ्यायला हातात काही नाही. मावशींची आजी तेव्हा चार-पाच वर्षांची. दर्यापूरकडच्या कुठल्याशा गावातून कुणीतरी तिला सिस्टरांच्या दारात आणून सोडलं, एवढंच घरात सांगतात. आईने की बापाने की शेजाऱ्याने, माहीत नाही. तिचं आधीचं नाव माहीत नाही. जात माहीत नाही. बाप्तिस्म्यात तिला मार्था नाव मिळालं. ती वाढली, तिचं लग्न सिस्टरांनी लावून दिलं, आणि ती थेट मावशींना गोधडीत घेऊन झोपण्याइतकी जगली.

“लोक म्हंतात ना, ज्वारीच्या भाकरीसाठी किरिस्ताव झाले,” मावशी म्हणाल्या. “झाले. चार वर्साच्या पोरीनं भाकरीसाठी नाई त कायसाठी व्हावं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिशनांनी दुष्काळात माणसं जोडली हे खरंच आहे, आणि त्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. एका मुलीचं नाव पुसून दुसरं लिहिणं ही लहान गोष्ट नाही. त्याच दारात ती मुलगी जगली, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं मी एकमेकांवर तोलून पाहिली. कुठलंच दुसऱ्याला खाली बसवत नाही.

अशी ठिकाणं जपायची पद्धत वऱ्हाडाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गेला असाल तर माहीत असेल, महानुभाव लोक चक्रधरस्वामी आणि गोविंदप्रभू जिथे बसले, जेवले, थांबले त्या जागांना वंदन करत फिरतात. त्यासाठी चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ लिहिली गेली: कुठलं स्थान कुठल्या देवळाच्या कुठल्या दिशेला, ते सांगणारी. यात्रेचं नियोजन करणारं पुस्तकच ते. देऊळ मोठं आहे की लहान हे त्यात महत्त्वाचं नाही. तिथे आपल्या माणसाचा पाय लागला होता का, एवढंच पाहायचं. मावशींच्या आजीची स्थानपोथी कुणी लिहिली असती, तर पहिलं स्थान दर्यापूरकडचं ते हरवलेलं गाव, दुसरं कॅम्पातलं सिस्टरांचं दार, आणि तिसरं, तिने कधीच न पाहिलेलं, शाव्हानो.

मग आम्ही खरंच आखायला बसलो. आन्सी जिनिव्हाच्या विमानतळापासून चाळीसेक किलोमीटर. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेन व्हिसा तिथेही चालतो, म्हणजे एकाच व्हिसात जाता येतं. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे फ्रान्सकडे. प्रवास-विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून २०२५ पासून मुंबईचं विमान सुटतं, पण सहाही जणींचं मत पडलं की विदर्भ एक्स्प्रेसच बरी, डबे नेता येतात.

गाळायचं काय, यावर रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात मोठं भांडण झालं. फातिमा काढलं तर पोर्तुगालचा सगळा फेरा वाचतो, तीन दिवस मोकळे होतात. पण सहापैकी एकीने मुलाच्या आजारपणात फातिमाला नवस बोललाय. १९१७ मध्ये मेंढ्या राखणाऱ्या तीन पोरांना दिसलेल्या मरियेकडे मुलाचं नाव घेऊन जायचंय तिला. “तुमची आजी मोठी, माझं लेकरू लहान का?” असं ती म्हणाली आणि रडली. मावशीही रडल्या. शेवटी पॅरिस आणि लिझ्यू काढलं. पॅरिस जातंय म्हटल्यावर ज्या दोघींची तोंडं उतरली, त्यांनी ते कबूल केलं नाही.

आता मुक्काम पाच. फातिमा दोन रात्री, लूर्द तीन, आन्सी दोन, असिसी एक, रोम तीन. लूर्दहून आन्सीला रेल्वेने जायचं तर अख्खा दिवस मोडतो, एक-दोनदा गाडी बदलावी लागते. मी तक्ता केला, छापला, मावशींनी तो बायबलमध्ये ठेवला.

परवा संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. शाव्हानोच्या सिस्टरांना एक मेल पाठवायचा होता, फ्रेंचमध्ये. “त्या पोरी इथून घरी चिठ्ठ्या लिहीत असतीनच ना? कोनी ठेवल्या असन त त्याच्यात आजी असन.” काय शोधायला सांगू, मी विचारलं. नाव मार्था, साल १९००, गाव अमरावती. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. मोबाइलवरच्या भाषांतराने मी चार ओळी केल्या, आमच्या ओळखीतल्या एका फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंकडून तपासून घेतल्या. पाठवायच्या आधी मावशींनी थांबवलं आणि खाली एक ओळ घालायला लावली: आम्ही सहा जणी येऊ, गुडघे दुखतात, तिथं बसायला खुर्ची असेल का.