जुन्या पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनसाठी किट निवडताना

अमेरिकेतील शेतांवर, बांधकामाच्या ठिकाणी आणि लहान गावांच्या रस्त्यांवर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे पिकअप ट्रक आजही धावताना दिसतात. साधी बांधणी, भक्कम चासिस आणि सहज मिळणारे सुटे भाग यांमुळे ते मोडीत निघत नाहीत. इंजिन दुरुस्त होते, रंग नवा चढतो; मात्र पुढच्या चाकांना आधार देणारी यंत्रणा बहुधा दुर्लक्षित राहते. तिची झीज इतकी सावकाश होते, की चालकाचा हात तिला सरावून जातो. गाडी एका बाजूला ओढू लागते, खड्ड्यातून जाताना पुढून खटखट ऐकू येते, टायर एकाच कडेला झिजतात. या तक्रारी गाडीच्या वयाच्या खाती टाकल्या जातात. प्रत्यक्षात त्या धोक्याच्या सूचना असतात. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवे पडते आणि गाडीवरील ताबा क्षणात जातो.

यावर उपाय म्हणून बाजारात 'फ्रंट एंड रीबिल्ड किट' मिळतात. एकाच खोक्यात सर्व झिजणारे भाग, तेही सुट्या खरेदीपेक्षा स्वस्तात, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु किटची निवड किमतीवरून किंवा त्यातील नगांच्या संख्येवरून करणे चुकीचे ठरते. आपल्या ट्रकखाली नेमकी कोणती रचना आहे आणि तिच्यातील कोणता सांधा भार पेलतो, हे दोन प्रश्न प्रथम सोडवावे लागतात.

आधी गाडीची ओळख

जनरल मोटर्सने १९७३ ते १९८७ या काळात काढलेले शेव्हरोले व जीएमसी पिकअप हे याचे उत्तम उदाहरण होय. बाहेरून सारखेच दिसणारे हे ट्रक खालून अगदी भिन्न आहेत. शेव्हरोलेच्या नावात 'सी' अक्षर असल्यास ट्रक केवळ मागच्या चाकांवर चालतो. त्याच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर व खाली एकेक कंट्रोल आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग असते. 'के' अक्षर असल्यास ट्रक चारही चाकांवर चालणारा असतो. त्याच्या पुढे अखंड अॅक्सल असून तो महाराष्ट्रातील गॅरेजांत ज्यांना 'पाटे' म्हणतात, त्या लीफ स्प्रिंगांवर बसवलेला असतो. एकाचे किट दुसऱ्याला बसण्याचा प्रश्नच नाही. अक्षरापुढील १०, २०, ३० हे आकडे भारक्षमता दर्शवितात व त्यानुसार भागांची मापे बदलतात.

आणखी एक मेख आहे. नवी मालिका सी-के या नावाने येणार असल्याने १९८७च्या जुन्या बांधणीच्या ट्रकांना 'आर' व 'व्ही' ही अक्षरे देण्यात आली. त्यामुळे १९८७चा ट्रक 'सी-१०' म्हणून शोधणाऱ्यास यादीतून चुकीचा भाग मिळू शकतो. १९८१पासून अमेरिकेत सतरा अंकाक्षरांचा वाहन क्रमांक रूढ झाला. त्यातील दहावे स्थान मॉडेलचे वर्ष सांगते. मागणी नोंदविताना हाच आधार धरावा.

इतर कंपन्यांतही असेच भेद आहेत. फोर्डने १९६५मध्ये पिकअपसाठी 'ट्विन आय-बीम' रचना आणली. तीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र पोलादी तुळई असते आणि ती मागे जाणाऱ्या रेडियस आर्मने धरून ठेवलेली असते. यातील जुन्या ट्रकांत बॉल जॉइंटऐवजी किंगपिन आहेत. किंगपिनचे पितळी बुश बसविल्यावर रीमरने मापात आणावे लागतात, हे काम यंत्रशाळेचे आहे. टोयोटाच्या चारचाकी-चालनाच्या पिकअपने अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून अखंड अॅक्सल सोडून टॉर्शन बारवरील स्वतंत्र सस्पेन्शन स्वीकारले. एका वर्षाच्या फरकाने येथे संपूर्ण किट बदलते.

झीज कोठे आहे

खोके मागविण्यापूर्वी तपासणी आवश्यक आहे. सी-१०सारख्या रचनेत स्प्रिंग खालच्या कंट्रोल आर्मवर टेकलेली असते. म्हणून जॅक चासिसखाली न लावता खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावावा. तसे केले तरच खालच्या जॉइंटवरील ताण सुटतो आणि त्यातील सैलपणा कळतो. चाक जमिनीपासून थोडे उचलून टायरखाली पहार घालून ते वर रेटल्यास खालच्या जॉइंटचा उभा खेळ दिसतो. चाक वर-खाली धरून हलवले असता ते डुलत असेल, तर दोष बॉल जॉइंटचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो. सहकाऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावर डुलणे थांबले, तर बेअरिंगकडे पाहावे.

स्टिअरिंगचे सांधे पाहण्यासाठी चाके जमिनीवर ठेवावीत. एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने टाय रॉडची टोके, आयडलर आर्म व पिटमन आर्म यांवर नजर ठेवावी. गती एका भागाकडून दुसऱ्याकडे उशिरा पोहोचते, तो सांधा गेला असे समजावे. १९७३-८७च्या चारचाकी-चालनाच्या ट्रकांत स्टिअरिंग बॉक्स जेथे बसतो, तेथे चासिसला तडे जाण्याची खोड परिचित आहे. तडा असल्यास नवे किट बसविण्यापूर्वी त्याची दुरुस्ती करावी लागते.

भार पेलणारा सांधा

सर्व भागांचे महत्त्व सारखे नसते. सी-१०मध्ये पुढच्या चाकावर येणारा भार खालच्या बॉल जॉइंटमधून जातो. वरचा जॉइंट मुख्यत्वे चाकाला दिशा व स्थैर्य देतो. म्हणून पैसे मर्यादित असतील, तर खालचा जॉइंट नामांकित उत्पादकाचाच घ्यावा आणि काटकसर इतरत्र करावी. स्वस्त किटमध्ये नग भरपूर असतात. पण बॉल जॉइंट कोणत्या उत्पादकाचा आहे, हे अनेकदा लिहिलेलेच नसते. असे किट नाकारलेले बरे. ग्रीस निप्पल असलेला जॉइंट निवडल्यास त्याचे आयुष्य मालकाच्या हाती राहते. अर्थात ग्रीस नियमित भरले तरच.

बुशबाबत रबर की पॉलियुरेथेन, असा प्रश्न विचारला जातो. रबरी बुश धक्के शोषतात, आवाज करत नाहीत आणि त्यांना वंगण लागत नाही. पॉलियुरेथेन अधिक कडक असल्याने वळणावर गाडी नेमकी राहते. मात्र रस्त्याचा खडबडीतपणा आत जाणवतो आणि वंगण कमी पडल्यास करकर सुरू होते. सामान वाहणाऱ्या, रोजच्या वापरातील ट्रकला चांगले रबर पुरेसे आहे.

किटबाहेरचा खर्च

'संपूर्ण' असे नाव असले, तरी शॉक अॅब्सॉर्बर, कॉइल स्प्रिंग, चाकाची बेअरिंगे आणि पिटमन आर्म बहुतेक किटमध्ये नसतात. यादी ओळीने वाचावी. मूळ वरचे बॉल जॉइंट रिव्हेटने बसविलेले असतात. ते छिन्नीने किंवा ड्रिलने काढून नवे बोल्टने बसतात. खालचे दाबून बसविण्यासाठी प्रेस लागतो. घट्ट बसलेली कॉइल स्प्रिंग जिवावर बेतू शकते. स्प्रिंग कंप्रेसर आणि अनुभव नसल्यास हे काम गॅरेजकडे सोपवावे.

बसविताना तीन गोष्टी विसरू नयेत. कंट्रोल आर्मचे रबरी बुश गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळावेत. आर्म लोंबकळत असताना आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बॉल जॉइंटच्या नटात खिळ घालण्यासाठी भोक जुळत नसेल, तर नट किंचित अधिक आवळावा, सैल कधीच करू नये. सी-१०च्या वरच्या आर्ममागील पातळ शिम कोणत्या बोल्टवर किती होत्या, हे लिहून ठेवावे. चाकांचा कल त्यांवरच ठरतो. तरीही शेवटी व्हील अलाइनमेंट करून घेणे अपरिहार्य आहे. ती टाळल्यास नवे टायर थोड्याच दिवसांत झिजतात.

जुना ट्रक जपणे ही हौस असू शकते, उपजीविकाही असू शकते. दोन्ही बाबतींत तपासणीला दिलेली एक दुपार किटवरील निम्मा खर्च वाचवू शकते. गाडी कोणती, सैल सांधा कोणता आणि भार कोणावर, एवढे ठाऊक असलेला ग्राहक दुकानदाराने पुढे केलेले पहिलेच खोके उचलत नाही.