टिळकांवरील तीन खटले (१८९७, १९०८ व १९१६) आणि फौजदारी वकिलाचे कार्य

प्रस्तावना

दिवाणी दाव्यात सामान्यतः दोन पक्षांमधील हक्कांचा वाद असतो. फौजदारी खटल्यात मात्र एका बाजूस शासनसंस्था आणि दुसऱ्या बाजूस एकटा आरोपी उभा असतो. हा विषम सामना न्याय्य व्हावा म्हणून फौजदारी कायद्याने काही मूलतत्त्वे स्वीकारली आहेत. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षावर असते, कृत्याबरोबरच त्यामागील हेतूही पाहिला जातो आणि वाजवी शंकेचा फायदा आरोपीस मिळतो. परंतु ही तत्त्वे न्यायालयात आपोआप अमलात येत नाहीत. ती प्रत्येक टप्प्यावर मांडावी लागतात आणि हेच फौजदारी वकिलाचे कार्य होय. लोकमान्य टिळकांवरील तीन खटल्यांच्या आधारे या कार्याचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१८९७ : जामीन आणि शब्दाचा अर्थ

भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत झाली आणि राजद्रोहाचे कलम १२४-अ तीत १८७० मध्ये समाविष्ट झाले. १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील मजकुराबद्दल या कलमाखाली टिळकांना जुलै १८९७ मध्ये अटक झाली. बचावाचे पहिले काम जामिनाचे होते. बॅरिस्टर दिनशा दावर यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज चालविला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. जामिनाचे महत्त्व केवळ सुटकेपुरते नसते. आरोपी मोकळा असेल तर तो वकिलांशी विचारविनिमय करू शकतो, कागदपत्रे जमवू शकतो आणि बचावाची तयारी करू शकतो.

सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे सुनावणी झाली. बचावासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू आले होते. खटल्याचा कणा 'अप्रीती' या एका संज्ञेत होता. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगताना तिचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा केला. अशा व्यापक अर्थामुळे कायदेशीर टीका आणि गुन्हा यांमधील सीमारेषा जवळजवळ पुसली गेली. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी व तिघा भारतीयांनी निर्दोष ठरविले. परिणामी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागण्यात आली, ती ॲस्क्विथ यांच्यासारख्या नामवंत वकिलाने बाजू मांडूनही नाकारली गेली. १८९८ मध्ये सरकारने कलमातच दुरुस्ती करून 'द्वेष' व 'तुच्छता' या संज्ञांची त्यात भर घातली.

१९०८ : वकिलाविना बचाव

मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर लिहिलेल्या अग्रलेखांवरून २४ जून १९०८ रोजी टिळकांना पुन्हा अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. अर्ज ऐकणारे न्यायमूर्ती होते तेच दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी याच आरोपीसाठी जामीन मिळविला होता. या वेळी त्यांनी जामीन नाकारला. विशेष ज्यूरी नेमण्याच्या सरकारी मागणीस टिळकांच्या वतीने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला, तोही निष्फळ ठरला. सात युरोपियन व दोन पारशी अशा ज्यूरीपुढे मराठी लेखांचा निवाडा इंग्रजी भाषांतरावरून होणार होता.

स्वतः कायद्याचे पदवीधर असलेल्या टिळकांनी आपला बचाव आपणच केला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन त्यांनी शब्दयोजनेवर आक्षेप घेतले आणि त्यानंतर वीस तासांहून अधिक काळ भाषण केले. कायद्याच्या चौकटीत राहून सुटका साधणे हे वकिलाचे उद्दिष्ट असते. टिळकांना मात्र वृत्तपत्रांच्या हक्काची भूमिका देशापुढे ठेवावयाची होती. या निवडीची किंमतही होती. बचावार्थ त्यांनी वृत्तपत्रादी कागद पुराव्यात दाखल केल्याने शेवटचा युक्तिवाद करण्याचा हक्क सरकारपक्षास मिळाला. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले व त्यांना सहा वर्षांची हद्दपारीची शिक्षा झाली.

१९१६ : समग्र वाचनाचा आग्रह

बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांवरून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ अन्वये टिळकांकडून वर्तणुकीची हमी मागण्यात आली. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ऑगस्ट १९१६ मध्ये वीस हजार रुपयांच्या जातमुचलक्याचा व प्रत्येकी दहा हजारांच्या दोन जामीनदारांचा आदेश दिला. त्याविरुद्ध जिनांनी उच्च न्यायालयात बाजू मांडली. येथे ज्यूरी नव्हती. भाषणे राजद्रोहाच्या व्याख्येत बसतात काय, एवढाच कायद्याचा प्रश्न होता. टिळकांचा रोख राजसत्तेवर नसून नोकरशाहीच्या कारभारावर होता, हे दाखविणे बचावाच्या दृष्टीने निर्णायक होते. तुटक वाक्यांवरून नव्हे तर संपूर्ण भाषणांवरून हेतू ठरविला पाहिजे, ही भूमिका घेऊन न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी दंडाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला.

निष्कर्ष

आरोपी एकच आणि राजद्रोहाची तरतूदही मूलतः तीच असताना निकाल भिन्न लागले. त्याचे श्रेय वा दोष केवळ वकिलांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. १९०८ चे भीतीचे वातावरण आणि १९१६ ची राजकीय परिस्थिती यांत मोठे अंतर होते आणि निर्णय देणारेही वेगळे होते. तरीही जामीन, ज्यूरीची रचना, भाषांतर, पुरावा दाखल करण्याचा क्रम आणि शब्दाची व्याख्या या वरवर तांत्रिक वाटणाऱ्या बाबींतच व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा निर्णय होत असतो, हे या खटल्यांवरून स्पष्ट होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात राजद्रोहाची व्याप्ती हिंसेस वा सार्वजनिक अशांततेस चिथावणी देण्यापुरती सीमित केली आणि मे २०२२ मध्ये या कलमाचा वापर स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम १५२ मध्ये 'राजद्रोह' हा शब्द नाही, परंतु देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता यांना बाधा आणणारे शब्द व कृत्ये त्यात गुन्हा ठरविली आहेत. त्या शब्दांच्या मर्यादा कोणत्या, हा प्रश्न न्यायालयापुढे मांडण्याचे काम आजही फौजदारी वकिलासच करावे लागणार आहे.