दोन तख्ते, एक वतन

मध्ययुगीन सरदारांच्या निष्ठेचा विचार आपण बहुधा आधुनिक राष्ट्रकल्पनेच्या चष्म्यातून करतो. मग शहाजीराजांच्या चरित्रातील चाकऱ्यांचे बदल अडचणीचे वाटू लागतात. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत ते निजामशाहीच्या बाजूने लढले. त्यानंतर ते आदिलशाहीत गेले आणि पुन्हा निजामशाहीत परतले. १६३० च्या अखेरीस ते मोगलांचे पंचहजारी मनसबदार झाले. १६३३ मध्ये पेमगिरीवर त्यांनी एका निजामशाही बालकास गादीवर बसवले. १६३६ मध्ये माहुलीस शरणागती पत्करून ते अखेर आदिलशाहीत स्थिरावले. चरित्रकार या घटनाक्रमावर कधी दूरदृष्टीचे, कधी अस्थिरतेचे लेबल लावतात. वस्तुतः येथे प्रश्न व्यक्तीच्या स्वभावाचा नसून व्यवस्थेचा आहे.

युरोपात याला समांतर उदाहरणे आहेत. १०६६ नंतर अनेक नॉर्मन घराण्यांच्या जमिनी इंग्लिश खाडीच्या दोन्ही तीरांवर होत्या. १२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाने नॉर्मंडी गमावली, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांना एक तीर निवडावा लागला. विल्यम मार्शलने मात्र नॉर्मंडीतील जमिनीपुरते फ्रान्सच्या राजाचे स्वामित्व मान्य केले आणि इंग्लंडमधील आपले स्थानही राखले. जॉन राजाचा रोष त्याला अर्थातच सोसावा लागला.

दख्खनमध्ये या प्रश्नाची घडण निराळी होती. मोकासा चाकरीच्या बदल्यात मिळे. चाकरी सुटली की तो जप्त होऊ शके. पाटीलकी, देशमुखी ही वतने मात्र वंशपरंपरागत असत आणि ती मातीशी बांधलेली होती. तख्त बदलले तरी वतनदार गावातच राही. नव्या सुलतानाकडून जुन्या हक्काचे फर्मान करून घेणे एवढेच त्याच्या हाती असे. पुणे-सुपे परगण्यांशी भोसल्यांचा संबंध निजामशाहीतला. १६३६ च्या तहाने निजामशाही वाटली गेली आणि हा मुलूख विजापूरकडे आला, तेव्हा तेच परगणे आदिलशाही सरदार या नात्याने शहाजीराजांकडे राहिले. स्वतः राजे मात्र कर्नाटकात, बंगळूरास गेले. चिखलीहून मोशीमार्गे इंद्रायणी ओलांडली की पुढे चाकण लागते. तेथील भुईकोटाने निजामशाही, आदिलशाही आणि शिवशाही पाहिली. १६६० मध्ये शायिस्ताखानाने तो घेतल्यावर मोगलाईही पाहिली.

या व्यवस्थेची खरी कसोटी १६५९ साली लागली. अफजलखान स्वारीवर निघाला असता, जून महिन्यात, मावळातील कान्होजी जेधे देशमुखांना खानास सामील होण्याचे आदिलशाही फर्मान आले. फर्मान नाकारणे म्हणजे पिढीजात वतन गमावणे. कान्होजी मुलांसह शिवाजीराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. उत्रवळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेले.

खोपड्यांना नुसते फितूर म्हणून आपण मोकळे होतो. पण तसे केल्याने कान्होजींच्या त्यागाचे मोलही आपल्या हातून निसटते. खोपडे वागले ते त्या काळच्या रूढ व्यवहाराप्रमाणे. त्या व्यवहाराला अपवाद ठरले ते कान्होजी. वतन राखण्यासाठी धनी बदलावा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम होता. धन्यासाठी वतन सोडावे, हा विचार नवा होता. स्वराज्याच्या इतिहासात किल्ले आणि लढाया मोजताना निष्ठेच्या कल्पनेतील हा पालटही मोजला पाहिजे. तो ध्यानात घेतला म्हणजे शहाजीराजांचा न्याय त्यांच्या काळाच्या मापाने करता येतो.