दोन डोंगर

अमेरिकेत वाढलेल्या माझ्या भाचीला ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत प्रवेश मिळाला. रुजू होण्याआधीच तिने तिथल्या बोलीची वही घातली. जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, संडास म्हणजे हेड. स्कटलबट म्हणजे जहाजावरचं पिण्याच्या पाण्याचं पिंप. खलाशी तिथे जमून बोलत, म्हणून अफवाही स्कटलबटच. "आपला पाणवठा," मी कोलकात्याहून फोनवर म्हणाले. ती हसली.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तो प्लीब. शब्दाचं मूळ रोममधल्या सामान्य जनांत, प्लेबियनांत. १८४५ साली स्थापन झालेल्या या अकादमीत मुली आल्या त्या १९७६ साली. प्लीबला उत्तरं पाचच: होय, नाही, आय आय, सबब नाही, शोधून सांगतो. 'मला माहीत नाही' हे उत्तर नाहीच. 'आय आय' म्हणजे हुकूम कळला आणि मी तो पाळणार. मराठीत काय म्हणशील, असं तिने विचारलं. मी 'जी' सुचवलं, पण त्यात पाळण्याची हमी येत नाही.

वहीतल्या दोन शब्दांपाशी मी थबकले. खलाशांच्या कामाच्या कपड्यांना डंगरी म्हणत. ते नाव मुंबईच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाचं. दुसरा बूनडॉक्स, म्हणजे आडरान. टागालोग भाषेतला बुंडोक, म्हणजे डोंगर. १८९९ साली फिलिपिन्समध्ये युद्ध पेटलं, अमेरिकेचा अंमल बसला आणि तो शब्द सैनिकांच्या तोंडी रुळला. तिथल्या माणसाचा डोंगर परक्या शिपायाच्या बोलीत 'जिथे काहीच नाही' अशी जागा झाला. डोंगरी तर व्यापाऱ्यांबरोबर गेली होती. बुंडोक बंदुकीमागून गेला. अनुवादक म्हणून मी दोघांनाही 'उसने शब्द' म्हणत आले आहे. उसनं घेताना निदान विचारतात.

"त्या डोंगरांच्या देशात किती माणसं मेली, हे आहे का तुझ्या वहीत?" मी विचारलं. प्रश्न बोचरा होता. तिचं जाणं मला मनातून पसंत नव्हतं.

क्षणभर ती गप्प राहिली. "शोधून सांगते, मावशी."

दोन दिवसांनी निरोप आला. अमेरिकी सैनिक चार हजारांवर, फिलिपिनो लढवय्ये वीस हजारांवर. लढाई, उपासमार आणि रोगराईत गेलेले नागरिक दोन लाखांपर्यंत. सोबत वहीच्या पानाचा फोटो. बूनडॉक्ससमोरचा 'आडरान' तसाच होता. त्याखाली, वळण न बसलेल्या देवनागरीत, तिने लिहिलं होतं: डोंगर.