कॉड वॉर आणि सहा नंबरचा प्रोटोकॉल

'कॉड वॉर' हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मला वाटलं, दोन प्रोग्रामरांची जुंपली असणार! पण हा कॉड म्हणजे मासा. त्याच्यावरून आइसलंड आणि ब्रिटन १९५८ ते १९७६ या काळात तीनदा भांडले. जाळी तोडणाऱ्या गस्ती बोटी, त्यांना धडका देणारी ब्रिटिश युद्धजहाजं, हे सगळं थरारक आहेच. पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते यातलं कागदी हत्यार : आयात शुल्क.

तेव्हाचा आइसलंड म्हणजे जेमतेम दोन लाख वस्तीचा देश. निर्यातीत सिंहाचा वाटा माशांचा. जुलै १९७२ मध्ये त्याने युरोपीय आर्थिक समुदायाशी मुक्त व्यापार करार केला. त्याला जोडलेल्या सहाव्या प्रोटोकॉलमध्ये आइसलंडच्या माशांवरचं शुल्क कमी करायचं ठरलं होतं. पण त्यातच एक मेख होती. मासेमारीच्या हक्कांचा वाद समाधानकारक मिटला नाही, तर ही सवलत लागू न करण्याचा अधिकार समुदायाने स्वतःकडे ठेवला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन लिहून तयार, पण 'इफ' कंडिशन ट्रू झाल्याशिवाय कॉलच होणार नाही.

आणि झालंही तसंच. १ सप्टेंबर १९७२ ला आइसलंडने आपली मासेमारीची हद्द १२ सागरी मैलांवरून ५० वर नेली. १९७३ च्या एप्रिलमध्ये करार अमलात आला, मासे मात्र बाहेरच! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनशी दोन वर्षांची तडजोड झाली, पण पश्चिम जर्मनीशी वाद चालूच होता. त्यामुळे सवलत काही मिळेना.

आता तुम्ही म्हणाल, एवढा छोटा देश, नमला असेल. छे! १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने हद्द थेट २०० मैलांवर नेली. शुल्कातली सूट आज ना उद्या मिळेल, पण समुद्रातला मासाच संपला तर सूट कशावर घेणार? हिशोब साधा होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये तर त्याने ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले.

शेवटी १ जून १९७६ ला ऑस्लोत समझोता झाला. ब्रिटनला सहा महिन्यांपुरती मर्यादित मासेमारी मिळाली, आणि १ जुलैपासून तो रखडलेला प्रोटोकॉल लागू झाला. सही झाल्यावर तब्बल चार वर्षांनी!

याची किंमत हल आणि ग्रिम्झ्बीच्या बंदरांनी मोजली. तिथल्या कितीतरी मच्छीमारांची रोजी गेली. दोन्ही बाजूंना पोटाचाच प्रश्न होता, हे विसरून चालणार नाही.

असो. तेव्हापासून 'अमुक मालावर शुल्क माफ' अशी बातमी वाचली की मी आकडा नंतर बघतो. आधी 'पण' कुठे लपलाय ते शोधतो.