प्रभारी : तालुक्याच्या रिकाम्या न्यायासनाचा मागोवा

तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाला दारात येऊन नावे पुकारतो, पक्षकार लगबगीने आत येतात आणि आत गेल्यावर पुढची तारीख घेऊन बाहेर पडतात. कोर्टाला साहेब नाहीत. चार्ज शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडे आहे. जामीन, तातडीचा मनाईहुकूम असे काही असले तर वकील तिकडे धावतात. बाकीच्यांना तारीख. एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज हा त्या तारखेचा खर्च. ‘प्रभारी’ हा शब्द आपल्या जिल्ह्यांत इतका मुरला आहे की त्यालाही वंशावळ असेल असे कुणाच्या मनात येत नाही. ती आहे, आणि बरीच जुनी आहे.

न्यायासन रिकामे पडायला आधी ते असावे लागते. मराठेशाहीतल्या गावात ते नव्हते. वतनाचा, वाटणीचा तंटा गोतसभेपुढे येई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत आणि ठरले ते महजरात उतरे. एखादा पंच वारला म्हणून सभा अडत नसे. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधल्या खुनानंतर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे पद सोडून वाईजवळच्या एका गावी गेले, तेव्हा पेशवाईतली न्यायाची सर्वांत मोठी जागा रिकामी झाली. पण मावळातल्या एखाद्या बांधाचा तंटा तेवढ्यासाठी थांबण्याचे कारण नव्हते. गोतसभेत जातीची उतरंड होती, दिव्याची क्रूर परीक्षा होती. ती परत यावी असे मी म्हणणार नाही. तिला रिकामी जागा ठाऊक नव्हती, एवढेच नोंदवतो.

पेशवाई 1818 मध्ये बुडाल्यावर ब्रिटिश अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पंचायत टिकवून पाहिली. पण बिनपगारी पंच येईनात, निवाडे लांबत गेले. 1827 मध्ये त्याच्या नावाची कायद्यांची संहिता आली. तिच्या काळात देशी कमिशनर बसले. पुढे हुद्द्यांना मुन्सफ, सदर अमीन, प्रिन्सिपल सदर अमीन अशी नावे मिळाली. नेमलेला, पगारी, बदली होणारा न्यायाधीश आला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या बदलीनंतरची रिकामी खुर्चीही आली.

त्या खुर्चीचे काय करायचे, हे 1869 च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने लिहून ठेवले. हा कायदा आजच्या तालुका कोर्टाचा खरा पूर्वज. त्याने जिल्हा न्यायाधीश आणि त्याच्या हाताखाली पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश अशी रचना केली. एकच दुय्यम न्यायाधीश एकाहून अधिक कोर्टांचा न्यायाधीश असू शकेल, अशी मुभा दिली. दुय्यम न्यायाधीश वारला, निलंबित झाला किंवा काही काळ गैरहजर राहिला, तर जिल्हा न्यायाधीशाने त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या दुय्यम न्यायाधीशाकडे काम सोपवावे, त्याने ते तिथे जाऊन किंवा आपल्याच कोर्टात बसून करावे, हेही ठरवले. आपल्या प्रभारी साहेबांचे मूळ इथे आहे. तरतूद चार दिवसांच्या अडचणीसाठी होती आणि त्या कामापुरती शहाणपणाची होती. बिघडले ते नंतर. अडचणीची सोय म्हणजेच कारभार, असे आपण मानू लागलो.

कोर्ट लांब पडले की काय होते, हे दख्खनने लवकरच पाहिले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. चौकशीत एकतर्फी हुकूमनाम्यांचे दुखणे उघड झाले : सावकार दावा लावी, कुणबी हजर होत नसे, हुकूमनामा होई, जमीन जाई. म्हणून 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत कोर्टच रयतेकडे सरकवले. शेतकऱ्यावरचा दावा तो राहतो त्याच हद्दीत लावायचा, न्यायाधीशाने त्याला बोलावून त्याचे म्हणणे ऐकायचे, गावात ग्राममुन्सफ नेमता यायचा. महादेव गोविंद रानडे पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश झाले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून दुय्यम कोर्टांचे काम तपासत राहिले. न्यायाधीश नसणे ही कचेरीची अडचण आहे की रयतेची, याचे इतके सरळ उत्तर आपल्या इतिहासात दुसरे मला दिसत नाही.

राज्यघटनेने नेमणुकीचे हात बदलले. कलम 234 प्रमाणे तालुक्याच्या न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल करतात, लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांनुसार. कलम 235 प्रमाणे ताबा उच्च न्यायालयाचा. हात तीन झाले, की कोणाच्या हाती कागद अडला हे पक्षकाराला कधी कळत नाही. विधी आयोगाने 1987 मध्ये दाखवले की दहा लाख लोकांमागे सुमारे साडेदहा न्यायाधीश आहेत, आणि पन्नास असावेत असे सुचवले. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये तोच आकडा उचलून धरला, आणि मलिक मजहर सुलतान प्रकरणात तर भरतीचे तारीखवार वेळापत्रकच घालून दिले. निवृत्ती, बढती यांमुळे वर्षभरात मोकळ्या होणाऱ्या जागा आधीच मोजायच्या, म्हणजे खुर्ची रिकामी होण्यापूर्वी माणूस तयार असेल.

तुलनेसाठी, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जिल्हा न्यायाधीशाची जागा रिकामी झाली की तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला नव्वद दिवसांत ठरवावे लागते : जागा ठेवायची, दुसरीकडे हलवायची की रद्द करायची. त्याआधी त्या भागातल्या न्यायाधीशांशी आणि वकिलांशी विचारविनिमय करावा लागतो. विरळ वस्तीच्या भागाला हा निर्णय कडू जाऊ शकतो, पण तो निर्णय असतो. त्याला मुदत असते, त्यावर सही असते. आपल्याकडे ‘भरायची नाही’ असे कोणीच म्हणत नाही. नुसते दिवस जातात, आणि जागा न भरण्याचा निर्णय त्यातच होऊन जातो.

याचे समर्थन बहुधा आकड्यांनी होते : त्या कोर्टात दावेच कमी, मग पूर्णवेळ न्यायाधीश कशाला? मला हा हिशेब मुळात चुकलेला वाटतो. ज्या कोर्टात साहेब बसत नाहीत तिथे दावा कोण लावेल? विधवा पोटगीचा अर्ज लांबवते, धाकटा भाऊ वाटणी सोडून देतो, मजूर पगाराची थकबाकी विसरतो. हे दावे यादीत नसतात, कारण ते दाखलच होत नाहीत. रिकाम्या खुर्चीने कमी केलेला आकडा दाखवून तीच खुर्ची रिकामी ठेवायची, हा न्याय नव्हे.

उच्च न्यायालयाला आणि राज्य शासनाला एक मागणी आहे. प्रभारीवर चालणाऱ्या प्रत्येक तालुका कोर्टाच्या दारावर, रोजच्या बोर्डाशेजारी, तीन ओळी लावा : जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे, भरतीचा कागद आज कोणाकडे आहे, आणि नवे न्यायाधीश कोणत्या तारखेला रुजू होतील. पक्षकाराला आपण दर वेळी तारीख देतो. एक तारीख त्यालाही मागू द्या.